कामगार-कपातीचा खर्च आणि बेकारी : एक विचार

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

नोकरीवरून माणसाला काढणे मालकाला अवघड आणि महाग करून ठेवले, तर देशातील बेकारी कमी होईल की वाढेल? प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. काढणे अवघड झाले की कमी माणसे निघतील, कमी निघाली की बेकारही कमी राहतील, असे उत्तर कोणीही चटकन देईल. पण अर्थशास्त्रात चटकन सुचलेले उत्तर पुष्कळदा अर्धेच असते. या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय मी निवडला त्याला कारण घरातलेच आहे. माझे आजोबा १९७० च्या सुमारास मुंबईला गेले आणि एका कापड गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दरवाज्याशी उभे राहायचे. कोणा कायम कामगाराने खाडा केला असेल तर आत जायचे, नाहीतर खोलीवर परतायचे. अशी सहा वर्षे काढल्यावर ते कायम झाले. कायम झाल्याचे सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. वडिलांच्या नशिबी मात्र तो दिवस आला नाही. ते औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अकरा वर्षे काम करीत आहेत, पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नाही. ते कंत्राटदाराचे कामगार. आमच्या शेजारचे काका त्याच कारखान्यात, त्याच खात्यात कायम आहेत. २०२० साली करोनाच्या साथीत कारखाना बंद पडला तेव्हा काकांना घरबसल्या अर्धा पगार मिळाला. वडिलांच्या कंत्राटदाराने फोन घेणेच थांबवले. एकच कारखाना आणि एकच काम असताना एकाला कायद्याचे कवच असते आणि दुसऱ्याला नसते, हे का, याचे उत्तर मला वर्गात ‘कामगार-कपातीचा खर्च’ हा विषय वाचताना थोडेफार सापडले.

कपातीचा खर्च म्हणजे काय?

कामगाराला कमी करताना मालकावर जो भार पडतो त्याला कपातीचा खर्च म्हणता येईल. त्याचे दोन भाग अलग केले पाहिजेत. पहिला भाग म्हणजे कामगाराच्या हाती पडणारी रक्कम : नोटिशीचा पगार, नुकसानभरपाई. हा पैसा मालकाच्या खिशातून कामगाराच्या खिशात जातो; समाजाच्या दृष्टीने तो नाहीसा होत नाही. दुसरा भाग म्हणजे सरकारी परवानगीसाठी थांबण्याचा काळ, कोर्टकचेऱ्या, वकिलांची फी आणि निकाल काय लागेल याची अनिश्चितता. हा पैसा कामगाराला मिळत नाही आणि मालकाकडेही राहत नाही. दोहोंना ‘खर्च’ हाच शब्द लावला जातो, त्यामुळे वादात बराच गोंधळ होतो.

पहिल्या भागाबद्दल एडवर्ड लेझिअर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली एक मार्मिक मुद्दा मांडला. बाजार सर्वांगपूर्ण असेल तर ठरावीक भरपाईने काहीच फरक पडू नये; कारण पुढे द्यावी लागणारी रक्कम मालक आरंभीच्या पगारातून कमी करून घेईल आणि हिशेब बरोबरीत सुटेल. हे तर्काला धरून आहे. पण ज्याच्या घरी महिनाअखेरीस पीठ संपते तो आजचा पगार कमी घेऊन उद्याची भरपाई कशी विकत घेणार? म्हणून प्रत्यक्षात फरक पडतो, आणि तो कोणत्या दिशेने पडतो हेच पाहायचे आहे.

एक लहानसे गणित

समजा, एका कारखान्यात कामगाराचा पगार महिना १५,००० रुपये आहे. तेजीच्या बारा महिन्यांत एक कामगार महिना १८,००० रुपयांचे काम काढतो. म्हणजे मालकाला वर्षाला ३६,००० रुपये सुटतात. पुढचे बारा महिने मंदीचे. तेव्हा त्याच कामगाराचे काम ११,५०० रुपयांचे भरते. म्हणजे त्याला ठेवल्यास वर्षाला ४२,००० रुपयांचा तोटा. त्यापुढचा काळ आपण सोयीसाठी सोडून देऊ.

आता एका कामगाराला काढण्याचा एकूण खर्च ५०,००० रुपये आहे असे धरा. मंदी आली. जो कामगार आधीच आत आहे त्याला ठेवण्यात ४२,००० चा तोटा, काढण्यात ५०,००० चा खर्च. मालक त्याला ठेवून घेईल. कायद्याने एक नोकरी वाचली. आता दुसरा प्रसंग पाहा. तेजीच्या आरंभी एक नवा मुलगा दारात उभा आहे. त्याला घेतले तर तेजीत ३६,००० मिळतील. पण मंदीत काढता येणार नाही, आणि ४२,००० जातील. शेवटी ६,००० चा तोटाच. मालक त्याला घेणार नाही. हाच खर्च २०,००० असता तर त्याने मुलाला घेतले असते, मंदीत काढले असते, आणि तरीही १६,००० रुपये मिळवले असते.

या गणितात आतल्याला वाचवणारा आणि बाहेरच्याला आत न येऊ देणारा आकडा एकच आहे, ५०,०००. या साऱ्या सिद्धान्ताचे मर्म एवढेच आहे. मालक माणूस घेतानाच त्याला काढण्याचा दिवस मनात धरतो. म्हणून कपातीवरचा कर हा काही अंशी भरतीवरचाही कर असतो.

मग बेरीज कोणत्या बाजूला झुकते? तज्ज्ञांतही यावर एकमत नाही. बेंटोलिला आणि बेर्तोला यांनी १९९० साली युरोपातील चार मोठ्या देशांचा विचार करून असे दाखवले, की कपातीचा खर्च भरतीपेक्षा कपातीलाच अधिक आवरतो, आणि त्यामुळे सरासरी रोजगार किंचित वाढूही शकतो. उलट होपेनहाइन आणि रॉजरसन यांनी १९९३ साली अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा नमुना घेऊन हिशेब केला. वर्षभराच्या पगाराइतका कपातीचा कर बसवला तर रोजगार सुमारे अडीच टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कारण कामगार जेथे फारसे उपयोगी नाहीत तेथेच अडकून पडतात आणि वाढत्या कारखान्यांना मिळत नाहीत.

हौद आणि दोन नळ

बेकारीचा एकूण आकडा फारसा हलला नाही तरी त्याच्या पोटात मोठा बदल होऊ शकतो. त्यासाठी हौदाची उपमा घेऊ. नोकरी गमावणारे हौदात येतात, नोकरी मिळालेले बाहेर पडतात. हौदातील पाणी हे येणारा ओघ आणि प्रत्येकाचा आत राहण्याचा काळ यांच्या गुणाकाराइतके असते. एका गावात दरमहा २० जण नोकरी गमावतात आणि प्रत्येकाला नवी मिळायला ५ महिने लागतात, तर गावात नेहमी १०० बेकार दिसतील. कपातीचा खर्च वाढला. आता दरमहा १० जणच नोकरी गमावतात, पण मालक भरतीला कचरत असल्याने नवी मिळायला १० महिने लागतात. बेकार किती? तेच १००.

सरकारी अहवालात या दोन गावांची बेकारी सारखीच छापली जाईल. पण दोन्ही गावे सारखी नाहीत. पहिल्या गावात पुष्कळांच्या वाट्याला थोडथोडी बेकारी येते. दुसऱ्यात थोड्यांच्या वाट्याला फार बेकारी येते. आणि हे थोडे बहुधा पहिली नोकरी शोधणारे तरुण, मुलांसाठी मध्ये काही वर्षे घरी राहिलेल्या स्त्रिया, किंवा ज्यांच्या ओळखीपाळखी नाहीत असे लोक असतात. दहा महिने रिकामा बसलेला माणूस हातचे कसबही विसरू लागतो, आणि मग त्याला घ्यायला मालक अधिकच कचरतो. थोडक्यात, कपातीचा खर्च बेकारी किती आहे यापेक्षा ती कोणाच्या वाट्याला येते हे अधिक ठरवतो.

आपल्याकडील कायदा

औद्योगिक विवाद कायदा १९४७ साली झाला. १९५३ च्या दुरुस्तीने कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणे बंधनकारक झाले. म्हणजे पाच वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला सुमारे अडीच महिन्यांचा पगार. शेवटी आलेला आधी जाईल, हा नियमही त्यातलाच. ही भरपाई जगाच्या मानाने फार मोठी नव्हती. स्पेनमध्ये २०१२ पर्यंत अन्याय्य बडतर्फीसाठी वर्षामागे ४५ दिवसांचा पगार द्यावा लागे.

खरा बदल झाला तो १९७६ साली, आणीबाणीच्या काळात. कायद्यात ‘पाच-ब’ हे प्रकरण घालण्यात आले. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना ले-ऑफ, कपात वा कारखाना बंद करणे यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. मुंबईच्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या, म्हणजे एक्सेल वेअरच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली कारखाना बंद करण्याविषयीचे कलम घटनाबाह्य ठरवले. संसदेने १९८२ साली ते सुधारून पुन्हा आणले आणि ३०० ची मर्यादा १०० वर उतरवली. ही दुरुस्ती १९८४ पासून अमलात आली.

वर केलेला भेद येथे उपयोगी पडतो. आपल्या कायद्यात कामगाराच्या हाती पडणारा पहिला भाग लहान राहिला, आणि दुसरा, म्हणजे परवानगीचा व अनिश्चिततेचा भाग, मोठा झाला. परवानगी मिळत नाही असे वाटले की काही मालकांनी आडवाटा काढल्या. कोणी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आणून कायम माणसे कमी केली. कोणी विजेचे बिलच भरले नाही. वीज तुटली, यंत्रे थांबली, आणि कागदोपत्री बंद न करता कारखाना बंद झाला. अशा ठिकाणी कामगाराला नोकरी राहिली नाही आणि भरपाईही वेळेवर मिळाली नाही.

आकडे काय सांगतात?

या कायद्याचा परिणाम मोजण्याचे बरेच प्रयत्न झाले. फॅलन आणि ल्यूकस यांनी असे अनुमान काढले, की १९७६ नंतर तेवढ्याच उत्पादनासाठी कारखाने पूर्वीपेक्षा सुमारे साडेसतरा टक्के कमी कामगार ठेवू लागले. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यांनीही या कायद्यात वेळोवेळी फेरफार केले होते. बेस्ली आणि बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळातील त्या फेरफारांचा अभ्यास करून २००४ साली लिहिले, की कामगारांच्या बाजूने दुरुस्त्या करणाऱ्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीचे उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे पडले.

हे निष्कर्ष पुष्कळ गाजले, पण ते निर्विवाद नाहीत. आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ साली दाखवून दिले, की निरनिराळ्या कलमांना अधिक एक किंवा उणे एक असे गुण देऊन त्यांची बेरीज करणे फार ढोबळ आहे, आणि काही दुरुस्त्यांचा अर्थही चुकीचा लावला गेला आहे. तसेच, १०० ची मर्यादा जर एवढी जाचक असेल तर ९८-९९ कामगारांपाशी थांबलेल्या कारखान्यांची गर्दी दिसायला हवी. शे आणि ओल्केन यांनी २०१४ साली कारखान्यांचे आकारमान तपासले, तेव्हा त्यांना अशी गर्दी आढळली नाही. शिवाय, आपल्या देशातील बहुसंख्य कष्टकरी शेतात, लहान दुकानांत, बांधकामावर आहेत. ‘पाच-ब’ प्रकरणाचा त्यांना कधी स्पर्शही झाला नाही. तेव्हा देशातील सगळी बेकारी या एका कायद्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

बदली, कंत्राटी आणि स्पेनचा धडा

मग १०० पाशी गर्दी का दिसली नाही? माझ्या मते याचे निदान एक कारण आमच्या घरातच आहे. मर्यादेच्या आत राहण्यासाठी कारखाना लहान ठेवण्याची गरजच नसते. माणसे कंत्राटदाराच्या नावावर दाखवली की झाले. वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे २०००-०१ मध्ये संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे २० टक्के कंत्राटी होते. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले. कंत्राटी कामगारांविषयी कायदा १९७० सालचा, पण कंत्राट पद्धती बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला.

भरपाईचा हक्क मिळण्यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेले असावे लागे. म्हणून कित्येक ठिकाणी २४० दिवस भरण्याआधीच कामगाराला ‘ब्रेक’ दिला जाई. आमच्या घरी लहानपणापासून हा शब्द ऐकला. ‘दादांना ब्रेक आलाय’ म्हणजे महिनाभर किराणा उधारीवर, एवढेच मला तेव्हा कळत असे. तो आकडा २४० आहे हे कॉलेजात आल्यावर कळले.

अर्थात ही युक्ती नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची भरती नियंत्रित करण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतरही मागणीतील चढउताराचा धक्का बदलीवाल्यांनीच सोसला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा, हीही एक मागणी होती. संप मोडला, आणि आजोबांसारखे हजारो जण गावी परतले.

हेच चित्र स्पेनमध्ये देशव्यापी प्रमाणावर दिसले. तेथे कायम कामगाराला काढणे महाग होते आणि बेकारी भयंकर वाढली होती. कायम कामगारांच्या संरक्षणाला हात न लावता सरकारने १९८४ साली मुदतीच्या नोकऱ्यांना मोकळीक दिली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील सुमारे एक तृतीयांश पगारी नोकर मुदतीवर होते. भरती वाढली खरी, पण मुदत संपत आली की त्याला कायम करण्याऐवजी दुसऱ्याला घ्यायचे, ही रीत पडली. २००८ नंतर मंदी आली तेव्हा प्रथम हेच लोक बाहेर फेकले गेले, आणि २०१३ मध्ये बेकारी सुमारे २६ टक्क्यांवर पोचली. डिसेंबर २०२१ मध्ये स्पेनने कायदा बदलून मुदतीच्या नोकऱ्यांवर कडक बंधने घातली, आणि त्यांचे प्रमाण बरेच खाली आले. यावरून असे दिसते, की आतली भिंत उंच ठेवून बाहेर दुसरी मोकळी रांग उभी केली तर सगळी अस्थिरता त्या रांगेवर लोटली जाते.

मग करावे काय?

यावर एक पक्ष म्हणतो, भिंत पाडून टाका. मालकाला हवे तेव्हा काढू द्या. मला हे पटत नाही. कामगार आणि मालक यांचे बळ समान नसते. मालकाचा एक कामगार गेला तर त्याचे यंत्र एक दिवस थांबते. कामगाराची नोकरी गेली तर त्याच्या मुलीचे कॉलेज थांबते. व्यापक बेकारी भत्त्याची सोय आपल्याकडे नसल्याने भरपाई हाच त्याचा विमा असतो. शिवाय उद्या राहू की नाही याची खात्री नसलेला माणूस त्या यंत्राचे बारकावे शिकण्यात जीव कशाला ओतील? थोडे स्थैर्य मालकाच्याही हिताचे असते. डेन्मार्कमध्ये माणसाला काढणे तुलनेने सोपे आहे, पण तेथे काढलेल्याला भक्कम बेकारी भत्ता व शिक्षण मिळते. त्यातला पहिला भाग तेवढा उचलायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, हे अनुकरण नव्हे.

संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहिता संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिच्यात परवानगीची मर्यादा १०० वरून पुन्हा ३०० वर नेली आहे. मुदतीच्या नोकरीला मान्यता देऊन त्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व सवलती द्याव्यात असे म्हटले आहे. काढलेल्या कामगाराच्या पुनःप्रशिक्षणासाठी मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम निधीत भरावी, अशीही तरतूद आहे. परंतु वर्षामागे १५ दिवसांची भरपाई १९५३ साली होती तेवढीच राहिली. मालकाचा अनिश्चित खर्च कमी झाला, पण त्याच्या बदल्यात कामगाराच्या हाती पडणारा निश्चित भाग वाढला नाही. सौदा एका बाजूने पूर्ण झाला आणि दुसऱ्या बाजूने अर्धवट राहिला, असे मला नम्रपणे वाटते.

माझ्या अल्प अभ्यासातून मला तीन गोष्टी सुचतात. एक, परवानगीची टांगती तलवार कमी करायची तर ठरावीक भरपाई त्याच प्रमाणात वाढवावी. म्हणजे मालकाला खर्च आधी कळेल आणि कामगाराला पैसा वेळेवर मिळेल. दोन, ही भरपाई पहिल्या दिवसापासून थोडी थोडी जमा होत जावी. २४० व्या दिवशी एकदम उंच पायरी ठेवली की त्या पायरीखालीच माणसाला ढकलले जाते. तीन, कंत्राटदार कोणीही असो, ज्या छपराखाली काम केले त्या छपराच्या मालकावर हा भार असावा. संरक्षण थोडे कमी उंचीचे असले तरी चालेल, पण ते सर्वांच्या डोक्यावर असावे.

हा लेख लिहून झाल्यावर मी वडिलांना वाचून दाखवला. गणित त्यांना लगेच कळले. ‘पन्नास हजारांचा हिशेब बरोबर आहे,’ म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘पण यात तो दारातला मुलगा, त्याचं पुढं काय झालं?’ मी म्हटले, ‘दादा, पुस्तकात तो तिथंच सोडून देतात.’ ते हसले आणि दुसऱ्या पाळीला निघून गेले. दारातल्या त्या मुलाचे पुढे काय होते, हे शोधणे आपल्यासारख्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. दोन वर्षांनी पदवी हाती घेऊन आपल्यापैकी बहुतेक जण त्याच दारात उभे राहणार आहोत.